बिडकीनचा कायदा

अहो,

तेरावा झाला. पाहुणे गेले, भाड्यानं आणलेल्या खुर्च्या परत गेल्या, उरलेले लाडू शेजारी वाटून झाले. आपला लेक अभयही त्याच्या देशी परतला. मग मी घर आवरायला घेतलं. माझ्या घरात प्रत्येक वस्तूला जागा असते, यावरून तुम्ही मला जन्मभर चिडवलंत. तुमचा चष्मा डबीत घालून वरच्या खणात ठेवला. काठी दाराआड उभी केली. उरलेली औषधं दुकानदाराला परत दिली, त्यानं न बोलता घेतली. सगळ्याला जागा मिळाली. राहिल्या त्या तीन गारगोट्या. पैठणला गोदावरीच्या वाळवंटातून तुम्ही वेचून आणलेल्या, तुमचे तीन वाघ. खणात ठेवल्या तर बंदिस्त वाटल्या, देवघरात ठेवाव्यात तर त्या काही देव नव्हेत. शेवटी पदराला गाठ मारून बरोबर घेऊन हिंडते आहे.

त्याची पोरं, रेवा आणि मिहिर, हे वाचतील म्हणून लिहिते आहे. रेवाला मराठी अडखळत का होईना वाचता येतं, मिहिरला अभय वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर पोरांना सोपं गेलं असतं आणि मलाही जड गेलं नसतं. पण आपण कधी इंग्रजीत भांडलो नाही, आणि हे सगळं आपल्या एका भांडणाबद्दलच आहे.

आठवतं का, पडेगावच्या या घरात आपण राहायला आलो तो दिवस? नवीकोरी शहाबादी फरशी. मी ती दोनदा पुसून काढली होती. दूध उतू घालून बाहेर आले, तर तुम्ही पुढच्या ओसरीत उकिडवे बसून खिळ्यानं फरशीवर रेघा ओढत होतात. डोंगरासारखा एक त्रिकोण, शिखरावरून खाली फाकत आलेल्या रेघा, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेघा. मी किंचाळलेच.

"अहो, नवीन फरशी आहे!"

"घरात वाघ-बकरी नाय तर घर कसलं?" तुम्ही मान वर न करता म्हणालात. "चिंचोके आण."

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी, आणि माझ्या नवऱ्यानं माझी फरशी खरवडली होती. रडूच आलं असतं, पण त्या रेघा बघून मला माझी आत्या आठवली. आमच्या शहरातल्या, गुलमंडीजवळच्या घरी ती खडूनं असाच पट आखायची. मी चिंचोके आणले.

रेवा, मिहिर, तुमच्यासाठी सांगते. या खेळात तीन वाघ आणि पंधरा बकऱ्या. एकाकडे वाघ, दुसऱ्याकडे बकऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर येतात. वाघाच्या शेजारी बकरी असेल आणि तिच्या पलीकडची जागा रिकामी असेल, तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. बकऱ्यांना खाता येत नाही. त्यांनी फक्त एकमेकींना धरून राहायचं आणि वाघांना असं कोंडायचं, की त्यांना हलायला जागा उरू नये. एवढंच. दहा मिनिटांत शिकता येतो आणि तुमच्या आजोबांना विचाराल तर मला पन्नास वर्षांत आला नाही.

त्या पहिल्याच डावात मी वाघासमोर एक बकरी मुद्दाम मोकळी सोडली. आत्याची ती आवडती चाल होती. वाघ खायला उडी मारतो आणि कोपऱ्यात अडकतो. तुम्ही बकरीकडं पाहिलंत आणि वाघ दुसरीकडं सरकवलात.

"असं नाही चालत," मी म्हटलं. "समोर बकरी मोकळी असली तर खाल्लीच पाहिजे. नाही खाल्ली तर वाघ मेला. द्या इकडे."

"कुणी सांगितलं?"

"नियमच आहे."

"आमच्या बिडकीनला नाय असला नियम. वाघाला भूक नसली तर बकरीकडं बघत बी नाय."

"भूक आहे की नाही हे कसं कळणार?"

"ते वाघाला इचार," तुम्ही म्हणालात आणि इतके हसलात, की पलीकडून शकीलाभाभी कुंपणापाशी आल्या. त्यांची ती आपल्याशी पहिली भेट. भांडण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मेरे कू तो एक बात समझती. जो हारा उनोच चाय बनाना. भाईसाब, एक प्याली इधर बी."

तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. हरेल त्यानं चहा करायचा. आणि डाव मांडण्याआधी विचारायचं, "आज कुणाचा कायदा?" शहराचा म्हणजे माझा, वाघानं खाल्लंच पाहिजे. बिडकीनचा म्हणजे तुमच्या गावचा, वाघाची मर्जी. आळीपाळीनं. तिसरी गोष्ट तुम्ही हळूच ठरवलीत. फरशीवर बसल्यावर अहो-जाहो बंद. "वाघ बकरीला अहो म्हणत नसतोय," असं तुमचं म्हणणं. माझ्या सासूबाई आल्या की ओसरीतून माझा आवाज जायचा, "तू लबाड आहेस!" आणि आतून खोकला यायचा. तुम्ही खाली मान घालून हसत राहायचात.

अभय लहानपणी माझ्या बाजूचा होता. सगळे डाव शहराच्या कायद्यानंच झाले पाहिजेत, असा त्याचा हट्ट असायचा. "बाबा, नियम म्हणजे नियम. नाहीतर मग खेळायचं कशाला?" तुम्ही त्याला म्हणायचात, "मोठा झाल्यावर बोलू." तो मोठा झाला, इंजिनिअर झाला, परदेशी गेला. त्या विषयावर तुमचं बोलणं राहूनच गेलं.

तुम्ही निवृत्त झाल्यावर आपण एकदा लेण्यांवर गेलो होतो. एका लेण्याच्या ओसरीत जमिनीवरच कुणीतरी केव्हाचा तरी पट कोरलेला होता. तुम्ही चप्पल काढून तिथं बसलात आणि रेघांवरून बोट फिरवलंत.

"बघ. आता दाखव, कायदा कुठं लिवलाय?"

"लिहायची गरज नसेल वाटली. सगळ्यांना माहीत असेल."

"म्हंजे तुला इचारूनच खोदलाय."

राखणदार ओरडला, "काका, तिथं बसू नका." मग आपण बाहेर पायऱ्यांवर बसलो, खाली सगळं शहर पसरलेलं, आणि तिथं तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. लग्नाला तीसेक वर्षं झाल्यावर, कुणी विचारलेलं नसताना.

पोरांनो, तुमचे आजोबा लहान होते तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. ते शाळेत उर्दूची अलिफ-बे शिकले होते. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं आणि शाळेत एकाएकी अ आ इ ई आली. त्या दिवसांत गावं फार भेदरली होती. राजवटीच्या माणसांनी आधी त्रास दिला होता, त्याचा राग काही ठिकाणी कुणाचं काही वाकडं न केलेल्या शेजाऱ्यांवर निघाला. बिडकीनला आजोबांच्या घराशेजारी एक मुसलमान कुटुंब होतं. एका सकाळी पाहिलं तर दाराला कुलूप, माणसं निघून गेलेली, आणि त्यांच्या बकऱ्या गल्लीत मोकळ्या फिरत होत्या. लोकांनी ज्याला सापडेल तशी बकरी घरी नेली. काही चुलींवर त्या शिजल्या. शेवटी दोन उरल्या, त्या आजोबांच्या आज्यानं आपल्या गोठ्यात आणून बांधल्या.

"मी इचारलं," तुम्ही सांगत होतात, "आज्या, कधी कापायच्या? तर म्हणला, आपल्याला भूक नाय. मी म्हणलं, मला हाय की. तर मला भाकर दिली त्यानं. म्हणला, ही खा."

त्याच दिवसांत, पोरांनी बाहेर जायचं नाही म्हणून, आज्यानं दाराशी ओट्यावर तुम्हाला वाघ-बकरी शिकवली. तुमचा वाघ मोकळ्या बकरीवरून उडी मारायला निघाला, की तो मनगट धरायचा आणि विचारायचा, "भूक हाय का?" तुम्ही खरं काय ते सांगायचं. मग हात सोडायचा.

पुढं काही महिन्यांनी त्या घरातली निम्मी माणसं परत आली. आज्यानं त्यांच्या हातात दावी दिली. दोघींपैकी एक व्याली होती, म्हणून दोनाच्या तीन झाल्या होत्या.

मी पायरीवर तुमच्याजवळ सरकले. मग म्हटलं, "इतकी वर्षं भांडतोय आपण. हे आधी सांगितलं असतंत तर मी एका दिवसात हरले असते."

"म्हणून तर नाय सांगितलं," तुम्ही म्हणालात. "ती गोष्ट भांडणात वापरायची नव्हती."

आणि तरीही घरी आल्यावर मी म्हटलं, आज शहराचा कायदा. तुम्ही म्हणालात, व्हय, आज तुझा वार. त्याबद्दल मी तुमची किती ऋणी आहे हे सांगायचं राहून गेलं. दुसरा एखादा नवरा त्या गोष्टीच्या जोरावर जन्मभर जिंकत राहिला असता.

तो ओटा आता नाही. कारखान्यांसाठी मोठे रस्ते आले, त्यात गेला. तुम्ही बघायला गेला होतात आणि खिशातून मातीचं एक ढेकूळ घेऊन आलात. मी ते तुळशीत टाकलं. रागावला नाहीत.

आता ते लिहायला हवं, ज्यासाठी लिहायला बसले.

अर्धांगाच्या दुसऱ्या झटक्यानंतर तुमची वाचा गेली, उजवा हात गेला, आणि गिळणं गेलं. पाण्याचा घोट दिला तरी ठसका लागायचा. दवाखान्यात नाकातून नळी घातली, ती तुम्ही डाव्या हातानं ओढून काढली. पुन्हा घातली, पुन्हा काढलीत. मग हाताला पट्टा बांधला. डॉक्टर म्हणाले, पोटातून कायमची नळी बसवू, लहानसं ऑपरेशन आहे, त्याला घरच्यांची सही लागेल. अभय फोनवर म्हणाला, "आई, विचार काय करतेस? अन्न आहे, रस्ता आहे, मग दिलंच पाहिजे." मलाही तसंच वाटत होतं. माझाच मुलगा तो. मी डॉक्टरांना सांगितलं, उद्या सही करते.

त्या दुपारी मी मिठाईच्या खोक्याच्या झाकणावर पेनानं पट आखला. गारगोट्या आणि चिंचोके पिशवीत आणलेच होते. नर्सला म्हटलं, थोडा वेळ पट्टा सोडा, मी बसते आहे. तुमच्या उशाशी झाकण ठेवलं आणि तुमच्या डोळ्यांत ओळख आली. कितीतरी दिवसांनी. डाव्या हातानं तुम्ही वाघ मांडलेत, जागा एकही चुकली नाही. मला इतका आनंद झाला, की मी बडबडतच सुटले.

"आज शहराचा कायदा. हरलास तर चहा तूच करायचास, सांगून ठेवते."

तुमच्या ओठाचा एक कोपरा हलला.

थोड्या चाली झाल्यावर मी एक बकरी तुमच्या वाघासमोर मोकळी ठेवली. अगदी समोर, पलीकडची जागाही रिकामी. या वेळी कोंडायचा डाव नव्हता माझा. तुम्ही काहीतरी जिंकावं, एवढंच मनात होतं. "खा की," मी म्हटलं. "खा ना."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग तो वाघ उचललात, बकरीवरून नेला नाहीत, माझ्या तळहातावर ठेवलात आणि माझी बोटं त्यावर मिटवलीत.

मला वाटलं, चुकलं असेल. मी वाघ परत जागेवर ठेवला. तुम्ही तो पुन्हा उचलून मला दिलात. मग दुसरा दिलात. मग तिसरा. माझ्या कायद्यानं न खाणारा वाघ द्यावा लागतो. तुम्ही तिन्ही दिलेत. तो चिंचोका बोटानं माझ्याकडे सरकवलात आणि खिडकीकडे तोंड केलंत. त्या दिवशी बाहेर लिंबाला मोहर होता.

मी त्या झाकणाशी बसून राहिले. नर्स पट्टा बांधायला आली, तिला म्हटलं, राहू दे आता.

सही मी केली नाही. तुम्हाला घरी आणलं. ओसरीत पलंग टाकला, फरशी दिसेल असा. शकीलाभाभी रोज येऊन पायांना तेल लावायच्या, आणि म्हणायच्या, "भाईसाब, भाभी कू जितने नक्को देव." मी कापूस भिजवून तुमचे ओठ ओले करायची. तुम्ही एकदाही माझा हात झटकला नाहीत. एक दिवस सकाळी कापूस फिरवला आणि ओठ माझ्या हाताखाली तसेच राहिले.

अभय वेळेत पोचू शकला नाही. आल्यावर त्यानं सगळं नीट केलं, भटजी सांगतील तसं. दहाव्याला नदीवरून परत आल्यावर ओसरीत उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तू एका खेळावरून ठरवलंस?"

"खेळावरून नाही रे. त्यांच्या हातावरून."

"त्या झटक्यानंतर बाबांना काय कळत होतं, काय नाही, हे डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. आणि तुला गारगोट्यांवरून कळलं? मी तिकीट काढत होतो, आई. ऑपरेशन झालं असतं तर मला भेटले असते ते."

हे खरं आहे. भेटला असतात. त्याला लेण्यांवरची गोष्ट सांगावी असं फार वाटलं. पण तुम्ही ती भांडणात वापरली नव्हतीत, मी कशी वापरू? मी गप्प बसले, आणि तो समजला की माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

जायच्या दिवशी गाडीत बॅग ठेवताना त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, "तिन्ही दिले?"

"तिन्ही."

त्यानं गाडीचं दार लावलं. वाकून नमस्कार केला आणि गेला. नंतर फोन यायचे, पण रेवाचे. तो मागून "आई, औषध घेतेस ना?" एवढंच विचारायचा.

आणि मला तुम्हाला विचारायचं आहे. हात दमला म्हणून दिलेत का तुम्ही ते वाघ? खेळ नको झाला होता, एवढंच होतं का? की मला माझाच कायदा कळतो हे ओळखून, माझ्याच कायद्यानं मला सांगितलंत? मला यातलं दुसरं खरं वाटतं. माझी बोटं मिटवलीत तेव्हा तुमच्या हाताला जोर होता. पण पहाटे जाग येते तेव्हा पहिलं वाटतं, आणि ओसरीत येऊन मी त्या रेघांकडे बघत बसते. रेघांत हळद अडकली आहे, तुमच्या शेवटच्या आंघोळीची. ब्रशनं निघेल. अजून घासलेली नाही.

चहा आता रोज मीच करते. शकीलाभाभी म्हणाल्या, "मतलब रोज तुमेच हारते?" आणि ओढणी तोंडाला लावून माझ्याआधी त्याच रडल्या.

इथवर लिहून मी कागद मिटून ठेवले होते. आज पुन्हा काढले, कारण काल एक झालं.

काल संध्याकाळी रेवाचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ, शाळेला सुट्टी. म्हणाली, "आजी, तो आजोबांचा गेम शिकव ना. बाबानं ड्रॉइंग काढून दिलंय." आणि कागद कॅमेऱ्यासमोर धरला. त्रिकोण, खाली फाकत आलेल्या रेघा, आडव्या रेघा. एकही चुकली नव्हती. मी अभयला कधी तो पट आखून दिलेला मला आठवत नाही. त्याला तो पाठ होता.

मग मी फोन खुर्चीवर टेकवला आणि फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. रेवानं वाघ घेतले, तिकडे तिच्या कागदावर तीन बटणं. ती चाल सांगायची, मी इकडे गारगोटी सरकवायची. पदराची गाठ सोडून बाहेर काढल्या त्या पहिल्यांदाच. सगळं समजावलं, उडी कशी, कोंडायचं कसं. बकऱ्या मांडता मांडता माझी एक मोकळी राहिली. मुद्दाम नव्हे, चष्म्यातून नीट दिसलं नाही.

रेवा कागदाकडे बघत बसली. म्हणाली, "आजी, ही बकरी मी खाऊ शकते."

"हो."

"पण मला नाही खायची. शी लुक्स सो अलोन. खायलाच पाहिजे का?"

अहो, पन्नास वर्षं या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. काल ते बाहेर काढण्याऐवजी मी गारगोटीवर बोट ठेवून बसले. फोनवर रेवाचा चेहरा माझी वाट बघत होता. "आजी? हँग झालं का?"

तेव्हा तिच्या मागे कुठूनतरी, भांडी घासता घासता नळ बंद केल्याचा आवाज आला, आणि अभय म्हणाला,

"आई, आज बिडकीनचा कायदा लाव."

रेवानं मागे वळून विचारलं, "म्हणजे काय, बाबा?"

तो हात पुसत आला आणि तिच्या शेजारी खाली बसला. डोळे लाल होते, पण पटाकडेच बघत होता. म्हणाला, "म्हणजे आधी वाघाला विचारायचं, भूक आहे का."

हे तुमच्या आज्याचं वाक्य त्याला कुठून आलं, मला माहीत नाही. बहुतेक तुम्हीच कधीतरी त्याचं मनगट धरलं असेल, मी स्वयंपाकघरात असताना.

रेवानं बटणावर बोट ठेवून खरोखर विचारलं. मग म्हणाली, "नाही म्हणतोय."

"मग जाऊ दे त्याला," मी म्हटलं आणि गारगोटी ती सांगेल त्या रेघेवर सरकवली.

डाव पुष्कळ लांबला. मी हरले. उठून चहा केला. तीन गारगोट्या तिथंच फरशीवर आहेत, जिथं रेवानं सोडल्या. त्यांना जागा शोधायची गरज उरली नाही.